सावली दक्षिणेला पडते तेव्हा



ज्यांच्या स्मरणार्थ आपण इथे जमलो आहोत, त्या गुरुजींनी आम्हाला भूगोल शिकवला. दर वर्षी २२ डिसेंबरला ते आम्हाला वर्गाबाहेर काढत, शाळेच्या मैदानात एक मीटरची काठी ओळंब्यात उभी करत आणि भर दुपारी तिच्या सावलीच्या टोकाशी चुन्याची खूण करत. 'ही वर्षातली सगळ्यात लांब दुपारची सावली. मोजा,' एवढंच म्हणत. आम्ही पट्टी लावून मोजायचो. सावली ९५ सेंटीमीटरच्या आसपास भरायची, उत्तरेकडे टोक करून. आजचं व्याख्यान त्याच काठीबद्दल आहे. मी ती फक्त समुद्रापलीकडे नेऊन उभी करणार आहे.

समोर पाहतो तर अर्ध्याअधिक श्रोत्यांच्या अंगावर स्वेटर आहेत, शाली आहेत. याच आठवड्यात आपला सर्वांत लहान दिवस येऊन गेला. आणि याच घटकेला हिंदी महासागरातल्या मॉरिशस बेटावर घराघरांत पंखे फिरत आहेत, बाजारात लिची आणि आंबे आले आहेत, रस्त्याकडेचे गुलमोहर लालभडक झाले आहेत. तिथे सर्वांत मोठा दिवस नुकताच सरला. मग त्या बेटावर हिवाळ्यातला सर्वांत लहान दिवस कधी येतो? २१ जूनला. आपण छत्र्या दुरुस्त करून पावसाची वाट पाहत असतो तेव्हा.

तुम्ही म्हणाल, उष्ण कटिबंधातल्या बेटावर कसला आलाय हिवाळा? नारळ, ऊस आणि निळा समुद्र असलेल्या जागी अयनदिनाचं, म्हणजे सर्वांत लहान किंवा सर्वांत मोठ्या दिवसाचं, काय कौतुक? हाच प्रश्न आज घेऊ. मी तीन गोष्टींबद्दल बोलणार आहे: आधी सूर्याबद्दल, मग समुद्राबद्दल आणि शेवटी माणसांबद्दल.

एक: सूर्य

मॉरिशसची राजधानी पोर्ट लुई विषुववृत्ताच्या दक्षिणेला २० अंशांवर आहे. आपल्या नाशिक जिल्ह्यातलं निफाड विषुववृत्ताच्या उत्तरेला २० अंशांवर आहे. विषुववृत्तावर आरसा उभा केला, तर निफाडचं प्रतिबिंब पोर्ट लुईच्या अक्षांशावर पडेल, इतकी ही जोडी जुळते. निफाडची निवड मी मुद्दाम केली. थंडीच्या दिवसांत कुठलंही मराठी वर्तमानपत्र उघडा, निफाडचा पारा किती घसरला ते छापलेलं असतं.

पृथ्वीचा आस सुमारे साडेतेवीस अंशांनी कललेला आहे, हे आपण सगळे शाळेत शिकलो. २१ जूनला सूर्य कर्कवृत्तावर असतो. निफाडमध्ये त्या दिवशी तो दुपारी जवळजवळ डोक्यावर येतो, जेमतेम साडेतीन अंश उत्तरेला. आमच्या गुरुजींच्या काठीची सावली तेव्हा अवघी सहा सेंटीमीटर असते, आणि ती दक्षिणेला पडते. त्याच दिवशी पोर्ट लुईत सूर्य उत्तरेकडे कललेला असतो, क्षितिजापासून सुमारे ४६ अंशांवर. तिथे त्याच काठीची सावली भरते ९५ सेंटीमीटर. म्हणजे निफाडची २२ डिसेंबरची सावली जशीच्या तशी पोर्ट लुईत २१ जूनला सापडते. फक्त टोक फिरलेलं असतं. आपली उत्तरेला, त्यांची दक्षिणेला.

हे पुस्तकात वाचणं वेगळं आणि अंगणात पाहणं वेगळं. काही वर्षांपूर्वी जून महिन्यात मी तिथल्या मधल्या पठारावरच्या एका मराठी कुटुंबाकडे उतरलो होतो. सकाळची वेळ. घरातल्या आजी लोकरीचं जाकीट घालून, हातात व्हॅनिलाचा वास असलेला चहा घेऊन पायरीवर बसल्या होत्या. कपडे वाळत घालण्याची दोरी घराच्या उत्तरेला बांधलेली. मी सवयीप्रमाणे ओला टॉवेल दक्षिणेच्या भिंतीवर टाकला. त्यांनी काही न बोलता तो उचलला आणि उत्तरेच्या दोरीवर घातला. मग मी ती दक्षिणेची भिंत नीट पाहिली. खालपासून हातभर उंचीपर्यंत हिरवं शेवाळ. उत्तरेची भिंत मात्र कोरडी आणि हाताला उबदार. आपल्याकडे थंडीत म्हातारी माणसं दक्षिणेच्या ओट्यावर उन्हाला बसतात. तिथे उन्हाची बाजू उत्तर.

एवढ्यावर संपत नाही. आपल्याकडे थंडीत सूर्य पूर्वेकडून दक्षिणेला आणि तिथून पश्चिमेला जातो. आपली देवळातली प्रदक्षिणा ज्या अंगाने जाते त्याच अंगाने. तिथे जूनमध्ये सूर्य पूर्वेकडून उत्तरेला आणि मग पश्चिमेला जातो. काठीची सावली घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरते. त्या पायरीवर बसून मी सकाळभर ती सावली पाहिली. पन्नास वर्षांची डोळ्यांची सवय एका सकाळीत मोडली.

आता दिवस किती लहान होतो ते पाहा. २१ जूनला पोर्ट लुईत सूर्य पावणेसातच्या सुमाराला उगवतो आणि पावणेसहाच्या आधीच मावळतो. म्हणजे सुमारे अकरा तासांचा दिवस. डिसेंबरात तोच सव्वातेरा तासांच्या थोडा वर जातो. फरक अडीच तासांच्या आतबाहेरचा. युरोपातल्या माणसाला हा फरक किरकोळ वाटेल. पण किरकोळ म्हणजे नाही असं नव्हे. झाडाला तो कळतो, उसाला तो कळतो, आणि लक्ष दिलं तर माणसालाही कळतो.

जाता जाता एक गोष्ट. पृथ्वी सूर्यापासून सर्वांत दूर कधी असते? जुलैच्या सुरुवातीला, सुमारे १५ कोटी २० लाख किलोमीटरवर. सर्वांत जवळ जानेवारीच्या सुरुवातीला, सुमारे १४ कोटी ७० लाख किलोमीटरवर. मॉरिशसमधल्या मुलाला कोणी सांगितलं की सूर्य लांब गेला म्हणून थंडी पडली, तर त्याला ते सहज पटेल. निफाडच्या मुलाला पटणार नाही, कारण सूर्य सर्वांत जवळ असतानाच तो शेकोटीपाशी बसलेला असतो. एका गावातून पाहिलं तर चूक खरी वाटते. दोन गावांतून पाहिलं की चूक उघडी पडते. विज्ञानाला दुसरं गाव लागतं ते यासाठी.

दोन: समुद्र

सूर्य दोन्हीकडे सारखा, मग थंडी सारखी का नाही? निफाडला काही हिवाळ्यांत पारा पाच-सहा अंशांपर्यंत उतरतो. द्राक्षबागायतदार पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात, घडांना धुराची ऊब देतात. आणि मॉरिशसमध्ये? जुलै-ऑगस्ट हे तिथले सर्वांत थंड महिने, आणि त्या रात्रींचं सरासरी किमान तापमान १६.४ अंश. उन्हाळ्याचं सरासरी तापमान २४.७, हिवाळ्याचं २०.४. फरक चार अंशांचा.

हे काम समुद्राचं. जमीन लवकर तापते, लवकर निवते. पाणी सावकाश तापतं, सावकाश निवतं. चारी बाजूंनी महासागर असलेल्या बेटाला समुद्र उन्हाळ्यात फार तापू देत नाही आणि हिवाळ्यात फार गारठू देत नाही. म्हणूनच तिथला सर्वांत लहान दिवस जूनमध्ये आणि सर्वांत थंड रात्री जुलै-ऑगस्टमध्ये. समुद्राला निवायलाच महिना-दोन महिने लागतात. सूर्याने दिलेला हिशेब समुद्र उशिरा चुकता करतो, पण चुकता करतो.

मग तिथला हिवाळा ओळखायचा कशावरून? थर्मामीटरवरून नव्हे. ओळखायचा वाऱ्यावरून आणि उसावरून.

आधी वारा. हिवाळ्यात आग्नेयेकडून येणारा व्यापारी वारा जोर धरतो. तो आग्नेयेचा किनारा झोडपतो, वर चढून मधल्या पठारावर पोचतो आणि क्युरपीपसारख्या शहरावर बारीक, न संपणारी भुरभुर सोडतो. तिथल्या क्रिओल बोलीत या भुरभुरीला 'लाफारीन लापली' म्हणतात, म्हणजे पावसाचं पीठ. चाळणीतून पीठ पडावं तसा तो पाऊस खरोखरच पडतो. सतरा अंशांत आजींना जाकीट का लागतं, ते या पिठात अर्धा तास उभं राहिलं की कळतं.

पण हाच हिवाळा त्या बेटाला हायसं वाटायला लावतो. का? कारण चक्रीवादळांचा काळ संपलेला असतो. नोव्हेंबरपासून मेच्या मध्यापर्यंत बेट धास्तावलेलं असतं. फेब्रुवारी १९६० मधल्या कॅरोल वादळाने गवताची आणि पत्र्याची हजारो घरं भुईसपाट केली. त्यानंतरच तिथे सिमेंट-काँक्रीटची घरं सर्रास उभी राहू लागली. या वादळांच्या अभ्यासाचा एक धागा मुंबईपर्यंत येतो. चार्ल्स मेल्ड्रम नावाचे गणिताचे शिक्षक १८४६ मध्ये मुंबईच्या शिक्षण खात्यात आले आणि दोन वर्षांनी मॉरिशसला गेले. १८५१ मध्ये त्यांनी तिथे हवामान संस्था स्थापन केली. बंदरात येणाऱ्या जहाजांच्या नोंदवह्या चाळून चाळून ते हिंदी महासागरातल्या वादळांची चाल शोधत राहिले. आपल्याला हिवाळा म्हणजे गारठा. मॉरिशसच्या माणसांना हिवाळा म्हणजे छप्पर शाबूत राहण्याची हमी.

आणि ऊस. इथे थोडं थांबू, कारण इथे आपला आणि त्यांचा हिशेब शब्दशः जुळतो.

आपल्याकडे दिवाळीच्या आगेमागे उसाला तुरा फुटू लागतो. शेतकरी म्हणतो, तुरा आला, आता वाढ थांबली, लवकर तोड झाली पाहिजे, नाहीतर वजन घटणार. उसाला कोण सांगतं की आता तुरा काढ? सांगतो तो लहान होत जाणारा दिवस. दिवस साडेबारा तासांच्या आसपास येऊन हळूहळू आखडू लागला की उसाच्या शेंड्यात फुलोऱ्याची तयारी सुरू होते. आपल्याकडे ही वेळ पावसाळा सरता सरता येते. मॉरिशसमध्ये मार्चच्या सुमाराला येते. म्हणून तिथले तुरे मे-जूनमध्ये डोलतात. क्रिओलमध्ये त्यांना 'फ्लेर कान' म्हणतात, उसाची फुलं. २१ जूनच्या संध्याकाळी, कललेल्या उन्हात, वाऱ्याच्या रेषेत सगळं शिवार चंदेरी-जांभळं झालेलं असतं. कोल्हापूर-सांगलीकडचा माणूस ते पाहून क्षणभर महिनाच विसरेल.

मग थंडी आणि कोरड. रात्री गार झाल्या, पाऊस ओसरला, की ऊस वाढायचं थांबतो आणि साखर साठवतो. त्यामुळे तिथला गळीत हंगाम जूनमध्ये सुरू होतो आणि वर्षअखेरीपर्यंत चालतो. आपला ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सुरू होतो. आपली धुराडी थंड असतात तेव्हा त्यांची पेटलेली, आणि आपली पेटतात तेव्हा त्यांची विझत आलेली. या हंगामाला तिथे 'कूप' म्हणतात, म्हणजे तोड. आपणही तोडच म्हणतो. तर उष्ण कटिबंधातल्या बेटावर अयनदिनाचं काय कौतुक, हा आपला प्रश्न होता. दीडशे-दोनशे वर्षं त्या बेटाचं पोट ज्या पिकावर चाललं, ते पीक त्या अडीच तासांच्या फरकावर फुलतं आणि त्या चार अंशांच्या फरकावर गोड होतं. हे त्याचं उत्तर.

तीन: माणसं

२ नोव्हेंबर १८३४ रोजी 'ॲटलस' नावाचं जहाज कलकत्त्याहून ३६ मजूर घेऊन पोर्ट लुईला लागलं. तेव्हापासून १९२० पर्यंत जवळजवळ पाच लाख भारतीय करारबद्ध मजूर त्या बंदरात उतरले. ज्या धक्क्यावर ते उतरत त्याच्या सोळा दगडी पायऱ्या आजही आहेत. आप्रवासी घाट या नावाने २००६ मध्ये तो जागतिक वारसा झाला. या मजुरांमध्ये मुंबई बंदरातून गेलेली मराठी माणसं होती, त्यात कोकणातली, रत्नागिरीकडची पुष्कळ.

त्यांनी सोबत काय नेलं? भांडी थोडी, कपडे थोडे. देव नेले, गाणी नेली. कोकणातली जाखडी तिथे 'झाकरी' म्हणून अजून नाचली जाते. आणि त्यांनी तिथी नेल्या. चतुर्थी, एकादशी, शिवरात्र. गणेश चतुर्थीला आज मॉरिशसमध्ये सार्वजनिक सुट्टी असते.

तिथी नेता येते. ऋतू नेता येत नाही.

हे माझं आजचं मुख्य म्हणणं आहे, म्हणून पुन्हा सांगतो. तिथी चंद्रावर चालते, आणि चंद्र सगळ्यांना एकाच दिवशी पुनवेचा दिसतो. ऋतू मात्र पायाखालच्या जमिनीचा असतो. संक्रांतीला आपण तीळगूळ खातो, कारण थंडीत अंगात ऊब लागते. तिथे संक्रांत भर उन्हाळ्यात येते. चातुर्मास आपल्याकडे पावसाचा, तिथे तो कोरडा. महाशिवरात्र आपल्याकडे थंडी ओसरताना येते. तिथे गंगा तलावाकडे चालत निघालेले लाखो भाविक वादळांच्या हंगामात, कधी भर पावसात चालतात. आणि उत्तरायण? आपल्याकडे उत्तरायण लागलं की दिवस मोठा होऊ लागतो. तिथे त्याच दिवसापासून दिवस लहान होऊ लागतो. सूर्य उत्तरेला निघाला म्हणजे तो त्यांच्यापासून दूर निघाला.

मग आपली परंपरा तिथे खोटी ठरली का? मुळीच नाही. आपल्या पूर्वजांना हे ठाऊक होतं. सूर्यसिद्धांतात स्पष्ट म्हटलं आहे की मेरूवर राहणाऱ्या देवांचा दिवस तीच दक्षिण टोकाला राहणाऱ्या असुरांची रात्र, आणि यांची रात्र तो त्यांचा दिवस. गोलावर राहायचं तर एकाचं उत्तरायण दुसऱ्याला उलटं जाणार, हे त्यांनी गणिताने जाणलं होतं. ज्या रत्नागिरी जिल्ह्यातून ही माणसं निघाली, त्याच जिल्ह्यातल्या मुरूडचे शंकर बाळकृष्ण दीक्षित. त्यांनी १८९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'भारतीय ज्योतिषशास्त्र' या ग्रंथात आपल्या पंचांगाचा सारा इतिहास मांडला. पंचांग आकाशाशी जुळलं पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. तो किती रास्त होता पाहा. खरं उत्तरायण लागतं २१-२२ डिसेंबरला, आणि आपण मकरसंक्रांत पाळतो १४-१५ जानेवारीला. सुमारे सतराशे वर्षांपूर्वी दोन्ही दिवस एक होते. पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा सावकाश डोलतो, त्यामुळे ते चोवीस दिवसांनी फाकले. म्हणजे मॉरिशसला न जाता, घरी बसूनही आपण सूर्यापासून थोडे दूर गेलोच आहोत. फक्त वर पाहिलं नाही म्हणून कळलं नाही.

त्या घरातली दुसरी आठवण सांगतो. त्याच मुक्कामात, अयनदिनाच्या संध्याकाळी, सातच्या पुढे आम्ही गच्चीवर गेलो. पिठासारखा पाऊस थांबला होता. आजींनी विचारलं, 'लग्नात नवरीला दाखवतात तो ध्रुव कुठे आहे?' काय सांगणार? विषुववृत्ताच्या दक्षिणेला ध्रुव क्षितिजाखाली जातो. तिथल्या आकाशात तो कधीच उगवत नाही. त्यांच्या लग्नात भटजींनी ज्या दिशेला बोट दाखवलं असेल, तिथे काळोख होता. पण उत्तरेला, डोंगराच्या जरा वर, सप्तर्षी होते, उलटे. आणि वसिष्ठाच्या शेजारी बारीकशी अरुंधती होती. क्षितिजापासून पंधरा अंशांवर, पण होती. मी त्यांना ती दाखवली. मग आम्ही पाठमोरे वळलो. दक्षिणेला, अर्ध्या आकाशावर त्रिशंकू झळकत होता. आपल्याकडे उन्हाळ्याच्या रात्री तो दक्षिण क्षितिजालगत जेमतेम दिसतो. तिथे मान वर करून पाहावा लागतो. विश्वामित्राने त्रिशंकूसाठी दक्षिणेला नवं नक्षत्रमंडळ रचलं, ही कथा आपल्याला माहीत आहे. त्या गच्चीवर ती मला पहिल्यांदा कळली. एक आकाश सुटलेल्या माणसाला दुसरं आकाश लागतंच. आजी बराच वेळ त्रिशंकूकडे पाहत होत्या. 'हा आमचा,' एवढंच म्हणाल्या.

आणि ज्या गुलमोहराचं नाव मी सुरुवातीला घेतलं, तो कुठला? मॉरिशसच्या शेजारच्या मादागास्करचा. तिथे तो डिसेंबरात फुलतो. आपल्याकडे आणला तर तो एप्रिल-मेमध्ये फुलू लागला. त्याने आपल्या मूळ गावाचा महिना धरून ठेवला नाही. ज्या मातीत रुजला तिथलं ऊन पाहिलं आणि तिथल्या उन्हाळ्यात फुलला. तरी तो गुलमोहरच राहिला. माणसाने तिथी जपावी आणि ऋतूही ओळखावा, यात विरोध नाही. दोन्ही न करणं मात्र नुकसानीचं आहे.

समारोप करतो. सूर्याबद्दल मी सांगितलं की अयनदिन साऱ्या पृथ्वीचा असतो, पण एकाचा सर्वांत लहान दिवस तो दुसऱ्याचा सर्वांत मोठा. समुद्राबद्दल सांगितलं की बेटावरचा हिवाळा सौम्य असतो, पण खरा असतो, आणि तो वाऱ्यात, उसात ओळखता येतो. माणसांबद्दल सांगितलं की तिथी सोबत जाते, ऋतू तिथेच भेटतो, आणि त्याला भेटायला बाहेर अंगणात यावं लागतं.

आता एक मागणं. इथे शिक्षक बसले आहेत, पालक बसले आहेत. मॉरिशसमध्ये शाळांतून आजही मराठी शिकवली जाते. येत्या २१ जूनला आपल्याकडच्या एका शाळेने आणि तिथल्या एका मराठीच्या वर्गाने एक-एक मीटरची काठी उभी करावी. आपापल्या भर दुपारी सावली मोजावी आणि एकमेकांना कळवावी. अयनदिनाच्या आसपास सूर्य उत्तर-दक्षिण जवळजवळ सरकत नाही, म्हणून दोन गावांच्या भर दुपारच्या वेळा वेगळ्या असल्या तरी हिशेब बिघडत नाही. आपल्याकडे ढग असले तर एक-दोन दिवस मागेपुढे चालेल. निफाडची सावली सहा सेंटीमीटर येईल, पोर्ट लुईची पंच्याण्णव. त्यावरून मुलांनी सूर्याचे दोन कोन काढावेत. फरक येईल सुमारे ४० अंश, म्हणजे वर्तुळाचा नववा भाग. दोन्ही गावांमधलं उत्तर-दक्षिण अंतर आहे सुमारे ४,४७० किलोमीटर. त्याला नवाने गुणलं की पृथ्वीचा परीघ मिळतो, ४०,००० किलोमीटरच्या आसपास. इजिप्तमध्ये एराटोस्थेनीसने सव्वादोन हजार वर्षांपूर्वी अयनदिनालाच हे केलं होतं. आपल्या मुलांना त्यासाठी फक्त एक काठी, एक ओळंबा, थोडा चुना आणि समुद्रापलीकडचा एक मराठी मित्र लागेल.

गुरुजींच्या स्मृतीला यापेक्षा चांगलं अभिवादन मला सुचत नाही. २१ जून लक्षात ठेवा. दुपारी बाहेर या, आणि सावली मोजा.